मधली बंदरं

रत्नागिरीला रेल्वे आली ती विसावं शतक सरता सरता. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं या जिल्ह्याची लाइन समुद्रावर होती. रूळ तेवढे नव्हते. बाकी वेळापत्रक होतं, तिकिटाची खिडकी होती, वरचा नि खालचा वर्ग होता, आणि एखाद्या फाट्याच्या लाइनीवर असावीत तशी लहान लहान ठाणीही होती. मुंबई सोडली की श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, मग रत्नागिरी. पुढे पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी पणजी. प्रत्येक बोट प्रत्येक बंदरात थांबत नसे. पण ही नावं ओळीने म्हणता न येणारं माणूस आमच्या आजीच्या पिढीत शोधूनही सापडलं नसतं.

आजी जैतापूरची. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना घरातले सगळे अण्णा म्हणत, ते रत्नागिरी बंदरावर बोटीच्या एजंटाकडे कारकून होते. या दोघांनी सांगितलेलं आणि त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात भर घातलेलं असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे पुस्तकांतून काही ताडून पाहिलं. दोन्ही मिळून जे हाती लागलं ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे, कारण बोटीने रत्नागिरीला उतरलेली माणसं आता थोडी राहिली आहेत.

इंग्रजांची आगगाडी १८५३ साली ठाण्याला गेली आणि दहा वर्षांत बोरघाट चढून देशावर पोचली. दक्षिण कोकणाकडे मात्र ती वळली नाही. दर थोड्या कोसांवर एक खाडी, मध्ये कातळाचे सडे, पूर्वेला सह्याद्रीचे कडे. इतके पूल नि बोगदे करून इथून न्यायचं काय, तर आंबा, नारळ, सुपारी आणि माणसं. माणसांसाठी समुद्र होताच. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला गाडी गेली, आणि पुढची शंभर वर्षं रत्नागिरीकरांना सोयीचं म्हणावं असं स्टेशन तेच राहिलं, तेही आंबा घाट चढून. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत करून इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. मागे घाट, पुढे समुद्र आणि आगगाडी नाही, अशी जागा सरकारला या कामासाठी हवीच होती.

आगबोटीपूर्वी मुंबई गाठायची तर शिडाची गलबतं आणि मचवे. वारा असेल तर दोन-तीन दिवस, पडला तर कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसायचं. वाफेने हा वाऱ्याचा हिशेब मिटवला. १८६७ साली रत्नदुर्गावर दीपगृह उभं राहिलं, आणि १८८० साली छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरात शेफर्ड कंपनीच्या आगबोटींची वाहतूक नोंदवलेली आहे. पुढे या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा जम बसला, तरी जुनी माणसं कुठल्याही बोटीला शेफर्डचीच बोट म्हणत, असं अण्णा सांगायचे.

बोटीला उतारू कमी पडले नाहीत. १८५४ पासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या, पाठोपाठ गोदी आणि रेल्वेची वर्कशॉपं, आणि या सगळ्यांना लागणारे हात कोकणात होते. भाताचं एक पीक, तेही खोताला देऊन उरेल तेवढं; घरात पाच भाऊ असले तर तिघांनी मुंबई गाठायची हा जणू कायदाच होता. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरातली दोन लाखांहून अधिक माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता, तो १९८१ चा. तरीही शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास असताना हा आकडा लहान नव्हे. ही सगळी माणसं वर्षाकाठी निदान एकदा बोटीत चढत असणार. शिमग्याला येणारी, मे महिन्यात येणारी, बापाच्या वर्षश्राद्धाला येणारी. जाताना तांदूळ, कुळीथ, आमसुलं, फणसपोळी घेऊन जाणारी. मुंबईतून निघालेल्या मनीऑर्डरी आणि पत्रं ज्या टपालाच्या थैल्यांतून यायची, त्याही बोटीनेच यायच्या.

आजीचं लग्न चाळीसच्या आसपासचं. वऱ्हाड जैतापूरहून होडीने खाडीपलीकडे मुसाकाजीला आलं. बोट रात्री येणार होती. वऱ्हाड बंदरावरच्या एका पडवीत बसून राहिलं. कंदील, गाठोडी, एक रडणारी करवली आणि पितळेच्या डब्यात लाडू. बोटीचा भोंगा झाला तेव्हा आजीने पहिल्यांदा ती पाहिली, म्हणजे लांबवर काळोखात दिव्यांची एक ओळ पाहिली. बोट किनाऱ्याला लागत नसेच. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि तिच्यापर्यंत पडावातून जायचं.

पडाव म्हणजे रुंद पोटाची, वल्ह्यांनी चालवायची मोठी होडी. तिच्यात माणसं, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळं एकत्र. पडाव बोटीच्या कुशीला लागला की खरी कसोटी. लाट आली की पडाव माणूसभर वर जायचा आणि दुसऱ्या क्षणी तेवढाच खाली. बोटीला बाहेरून शिडी लावलेली, तिच्या शेवटच्या पायरीवर दोन खलाशी हात पसरून उभे. पडावाचा तांडेल एकेका उतारूला पुढे घ्यायचा, दंड धरून ठेवायचा आणि पडाव लाटेवर वर चढला की नेमक्या वेळी सोडायचा. थोडं आधी सोडलं तर पाय पाण्यात, थोडं उशिरा तर पायरी डोक्याला. आजी नऊवारी शालूत, अंगावर दागिने, हातात हिरवा चुडा. तिला तांडेल म्हणाला, “खाली बघू नको गो बाय. माज्याकडं बघ, नि मी सांगेन तवा पाय उचल.” तिने पाय उचलला आणि पुढच्या क्षणी ती वर होती. चुड्यातल्या दोन बांगड्या मात्र शिडीवर फुटल्या. सासरी पाऊल टाकण्याआधी बांगडी फुटली म्हणून तिची आई पडावात बसून रडली; कारण पोचवायला आलेली माणसं पडावातूनच परत फिरायची होती.

रत्नागिरीला पोचल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. ओहोटी असेल तर पडावही पुरता किनाऱ्याला येत नसे. मग खारवी गडी बायकांना, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून वाळूपर्यंत आणायचे. आजी म्हणायची की तिने नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला त्याआधी एका अनोळखी खारव्याच्या खांद्याला घट्ट धरलं होतं, आणि त्या माणसाची आठवण तिने आयुष्यभर मायेने काढली.

या पडाववाल्यांविषयी लिहिलेलं फार कमी सापडतं याचं मला वाईट वाटतं. कंपन्यांचा इतिहास लिहिला जातो, बोटींची वजनं नि लांबी-रुंदी नोंदली जाते. पण ती सगळी लाइन चालत होती ती या खारवी, भंडारी, दालदी माणसांच्या दंडांवर. कुठल्या भरतीला कुठल्या बाजूने पडाव लावायचा, दक्षिणेचा वारा असेल तर बोटीच्या कुठल्या अंगाला जायचं, बाळंतीण बाई असेल तर तिला खुर्चीत बसवून दोराने कशी वर घ्यायची, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. ते लिहून कोणी घेतलं नाही आणि बोटीबरोबर ते गेलं.

बोटीत खालच्या वर्गाच्या उतारूंनी डेकवर सतरंजी पसरायची. जेवढी सतरंजी तेवढी आपली जागा. मुंबईहून सकाळी सुटलेली बोट रत्नागिरीला काळोख पडल्यावर यायची आणि पणजीला दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवसभर एकमेकांच्या पायांशी डोकं ठेवून माणसं पडलेली. बोट लागणाऱ्यांची अवस्था बघवत नसे. लिंबं, आवळासुपारी, आलं, सगळे उपाय करून झाले की डोळे मिटून पडायचं. पण याच डेकवर सोयरिकी ठरल्या, भांडणं मिटली, मुंबईत कुठल्या गिरणीत भरती चालू आहे त्याच्या बातम्या कळल्या. दाभोळचा मुसलमान बागाईतदार, गिरणीतला कुळवाडी, कोर्टाच्या कामाला निघालेला भटजी आणि वेंगुर्ल्याचा ख्रिस्ती बबर्जी एकाच पत्र्याखाली रात्र काढायचे. गावात ज्यांच्या विहिरी वेगळ्या होत्या त्यांच्या सतरंज्या इथे कडेला कड लावून असायच्या. ते मनापासून होतं की नाइलाजाने, हे मी आजीला विचारलं होतं. “जागाच तेवढी होती,” एवढंच ती म्हणाली.

स्वदेशीच्या वाऱ्यात देशी माणसांनी आपल्या बोटी काढल्या. ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने लोक त्या ओळखत. त्या कंपनीच्या काही बोटींना संतांची नावं होती, तुकाराम, रामदास, सेंट झेवियर. गोऱ्यांच्या कंपनीशी चढाओढ लागली की भाडं उतरायचं आणि उतारूंची चंगळ व्हायची, हे अण्णांनी थोरांकडून ऐकलेलं. पण त्या नावांच्या आठवणी सुखाच्या नाहीत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आजीच्या माहेरी एका आत्याबाईंचं वय सांगायचं झालं की ‘तुकाराम बुडाली त्या साली ती रांगत होती’ असं सांगत.

रामदासची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७, आषाढाची अमावास्या, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ पाऊस-वाऱ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनारा गाठलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. रेवसचा पल्ला जवळचा म्हणून त्या बोटी पावसातही चालत; आमच्या लांबच्या लाइनीच्या बोटी तेव्हा बंद असत. तरीही रामदासनंतर सप्टेंबरात बोटी सुरू झाल्या तेव्हा रत्नागिरीच्या खिडकीवर बसलेल्या तरुण अण्णांना माणसं एकच प्रश्न विचारायची, ‘बोट कुठली?’ नाव ऐकल्यावर काही जण तिकीट न काढताच मागे वळायचे. महिनाभराने मात्र खिडकीवर पूर्वीसारखीच रांग लागली. दुसरा रस्ताच नव्हता.

पावसाळ्याचे ते तीन-साडेतीन महिने म्हणजे जिल्ह्याला कडी लागलेली असायची. मे संपता संपता शेवटची बोट गेली की आगोटीची बेगमी पुरी झालेली असावी लागे, कारण मग मीठ-मिरचीपासून कापडापर्यंत सगळं महाग किंवा नाहीच. मुंबईत कोणी आजारी पडलं तर तार यायची, जायचं मात्र कोल्हापूरमार्गे. चिखल, घाट, दरड यांतून. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की डोळे पश्चिमेला लागायचे. गणपती लवकर आले तर मुलगा येईल की नाही हे बोटीवर ठरायचं. आजीच्या शेजारणीचा मुलगा एका वर्षी बोट न मिळाल्याने चतुर्थीला पोचला नाही. तिने त्या वर्षी गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवला, एरवी त्यांचा दीड दिवसांचा असे.

बोट कशामुळे गेली, याचं उत्तर लोक ‘कोकण रेल्वे’ असं देतात. तसं ते नाही. रेल्वे आली तेव्हा बोट केव्हाच बंद पडलेली होती. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते पटतं. ते म्हणायचे, “माणसं शेवटी गेली. आधी आंबा गेला.” राज्यात १९४८ साली एसटी सुरू झाली, हळूहळू ती रत्नागिरीच्या तालुक्या-तालुक्यांत पोचली. मुंबई–गोवा रस्त्यावर एकेक करत नद्यांचे पूल झाले. तो रस्ता बारमाही झाला तसा बागाईतदाराला ट्रक बागेच्या तोंडाशी मिळू लागला. पेटी बैलगाडीत, बैलगाडीतून पडावात, पडावातून बोटीत, बोटीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून क्रॉफर्ड मार्केटात. इतक्या वेळा उचल-आपट होऊन दुखावलेला आंबा पाठवायचा कोणी? ट्रकात पेटी एकदाच चढते. एप्रिल-मे महिन्यांतल्या आंब्याच्या भाड्यावर बोटीचं वर्ष निभत असे. ते भाडं गेलं आणि मग प्रत्येक थांबा कंपनीला जड वाटू लागला.

इथूनची उतरण अण्णांनी खिडकीच्या आतून पाहिली. कंपन्या बदलल्या. जुन्या बोटी मोडीत निघाल्या. साठनंतर चौगुल्यांच्या कोकण सेवक आणि कोकण शक्ती आल्या, दिसायला देखण्या, पुष्कळ मोठ्या. पुढे कारभार मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेला. पण बोट मोठी झाली तशी ती लहान बंदरांना नको म्हणू लागली. आज पूर्णगड गाळलं, उद्या बाणकोट. खाड्यांची तोंडं गाळाने भरत होती, तो गाळ काढायला पैसा नव्हता, आणि पंधरा उतारूंसाठी तासभर नांगर टाकणं परवडत नव्हतं. रोज असलेला थांबा आठवड्यातून तीनदा झाला, मग एकदा, मग ‘पुढील सूचनेपर्यंत’. अण्णा म्हणायचे की थांबा बंद झाल्याची पाटी लावली की त्या बंदरातून कोणी तक्रारीचा अर्ज घेऊन येईल अशी ते वाट पाहायचे. पहिल्या काही पाट्यांना अर्ज आले, नंतर तेही येईनासे झाले. शेवटच्या काळात बोट बहुतेक मुंबई–पणजी अशीच धावायची, गोव्याला निघालेल्या हौशी माणसांची. आमची बंदरं ती रात्री झोपेतच ओलांडून जायची. ऐंशीचं दशक सरता सरता तीही थांबली. नव्वदीत दमानियांची वेगवान कॅटामरान मुंबईहून गोव्याला जाऊ लागली, पण तिचा आमच्याशी संबंध नव्हता आणि ती टिकलीही नाही.

मग रेल्वे आली. तिच्यासाठी बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत झगडले, मधु दंडवते यांनी तो विषय वर्षानुवर्षं लावून धरला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम झपाट्याने झालं. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, दक्षिणेला पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल. २६ जानेवारी १९९८ रोजी या संपूर्ण लाइनीवरून पहिली गाडी धावली. मी अण्णांना स्टेशन दाखवायला घेऊन गेलो होतो. फलाटावर उभे राहून त्यांनी गाडी येताना पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. आपल्या हयातीत ही गाडी दिसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. या रेल्वेने जे दिलं त्याचं मोल मी कमी करत नाही. पावसाळ्यात, दरडींच्या दिवसांत पावसाळी वेळापत्रकाने का होईना, ती चालते. चतुर्थीला मुलगा घरी पोचतो. त्या शेजारणीच्या घरातली माणसं आज हे सहज धरून चालतात.

पण नकाशा समोर घेऊन बसलं की एक गोष्ट खुपते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड, दापोली आणि गुहागर या तीन तालुक्यांत कोकण रेल्वेचं एकही स्टेशन नाही. बाणकोट मंडणगडात. हर्णै आणि दाभोळ दापोलीत. बोटीच्या काळात ज्या तालुक्यांच्या दारात मुंबई होती, नेमके तेच तालुके रेल्वेच्या काळात मागे पडले. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, बंदरापासून कितीतरी आत. राजापूर रोड स्टेशनावर उतरून जैतापूरला जायचं म्हणजे पुन्हा सगळा घाटउतार. रस्ता असो की रूळ, दोन्ही सह्याद्रीच्या कुशीने गेले आणि कोकणाचं तोंड पूर्वेला फिरलं. किनाऱ्यावरची घरं मात्र अजून पश्चिमेला तोंड करून आहेत. ज्या वाड्यांची ओटी-पडवी बंदराकडे होती, त्यांच्याकडे आता मागच्या वाडीतून, परसदाराने यावं लागतं.

काही वर्षांपूर्वी मुसाकाजीला गेलो. आंबोळगडाच्या वाटेवर उतारावरून खाली उतरलं की बंदर. धक्का आहे, मच्छीमारांची ये-जा आहे, नाटे गावच्या ट्रॉलरांचा धूर आहे. आजीची पडवी कुठली हे दाखवू शकणारं कोणी नव्हतं, ते अपेक्षितच होतं. जाळी शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला बोटीचं विचारलं तर त्याने हातातली सुई खाली ठेवली आणि समुद्रात बोट दाखवून बोट कुठे उभी राहायची, पडाव कुठल्या वळणाने जायचा ते हवेत रेघ मारून सांगितलं. तो तेव्हा पडावावर पाणी उपसणारा पोरगा होता. “चाकरमानी आमच्या हातात सुटे पैशे द्यायचे,” तो म्हणाला, “आता ते आमच्याकडं येतात ते मासळीचा भाव विचारायला.”

समुद्रावरून जाणं अगदीच संपलेलं नाही. दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटी माणसं आणि गाड्या खाडीपार नेतात, आणि त्या सुरू झाल्यापासून गुहागर–दापोलीचं अंतर किती कमी झालं हे तिथल्या माणसांना विचारावं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. जयगड, विजयदुर्ग ही नावं घेऊन मुंबईहून मोठ्या बोटीच्या बातम्याही आता येतात. गाडीसकट चढायचं, काही तासांत उतरायचं. जयगडला आज मोठी मालवाहू जहाजं लागतात, तेव्हा खोल पाण्याची तिथे अडचण नाही. मला त्या बातम्या वाचून आनंद होतो, आणि लगेच मी मधल्या थांब्यांची ओळ शोधू लागतो. गाडी असलेल्या माणसाला जयगडला उतरवलं की त्याचं काम झालं. हर्णैच्या म्हातारीला मुंबईच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी जायचं असेल, बाणकोटच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीला, मुसाकाजीच्या बाईला सुक्या मासळीच्या दोन टोपल्या घेऊन, तर त्यांच्यासाठी बोट कुठे थांबणार, हे त्या बातम्यांत नसतं. लहान बंदरांतला गाळ काढणं, एक साधा तरंगता धक्का, शेड, दिवा आणि आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी येणारी मध्यम आकाराची बोट. रेल्वेवर जेवढा खर्च झाला त्याच्या मानाने हे फार नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकींत हा विषय मांडावा म्हणून आम्ही काही जण अर्ज तयार करतो आहोत. त्यात बंदरांची यादी अण्णांच्या क्रमानेच लिहिली आहे, बाणकोटपासून मुसाकाजीपर्यंत, एकही न गाळता.